अरबी प्रावीण्याचे संगणकीय मापन आणि बीड जिल्ह्यातील विद्यार्थी

१

गेल्या काही वर्षांत अरबी भाषेच्या परीक्षा कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आल्या आहेत. आपल्याकडे महाविद्यालयीन अध्यापनाची पात्रता ठरविणाऱ्या नेट परीक्षेत अरबी हा एक विषय आहे. ही परीक्षा डिसेंबर २०१८ पासून संगणकावर घेतली जाऊ लागली. जून २०२४ मध्ये ती पुन्हा कागदावर घेण्यात आली, पण ती रद्द होऊन त्याच वर्षी संगणकावर नव्याने झाली. परदेशात तर केवळ भाषेचे प्रावीण्य मोजणाऱ्या स्वतंत्र परीक्षा आहेत. सौदी अरेबियात २०२० साली स्थापन झालेल्या किंग सलमान जागतिक अरबी भाषा अकादमीची 'हमज़ा' ही संगणकीय परीक्षा त्यांपैकी एक. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण या चारही अंगांचे मापन करून युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या सहा पायऱ्यांच्या चौकटीशी तिचे निकाल जोडले जातात. अमेरिकेतील 'ॲक्टफल' या संस्थेच्या तोंडी चाचणीचेही संगणकीय रूप अरबीसाठी उपलब्ध आहे.

या सर्व परीक्षांचा उमेदवार एका व्याख्येत बसविलेला असतो : अरबी ज्याची मातृभाषा नाही असा विद्यार्थी. ही व्याख्या नकारात्मक आहे. विद्यार्थ्याजवळ काय नाही हे ती सांगते, काय आहे हे सांगत नाही. ब्राझीलमधील तरुण, चीनमधील व्यापारी आणि आपल्या बीड जिल्ह्यातील माजलगावचा किंवा अंबाजोगाईचा पदवीधर हे तिघेही तिच्या दृष्टीने समान होत. प्रस्तुत लेखकाच्या मते संगणकीय मापनातील मुख्य दोष यंत्रात नसून या व्याख्येत आहे. बीडच्या विद्यार्थ्याला अरबीचा काही अंश वारसा म्हणून मिळालेला असतो व काही अंश तो स्वतः कमावतो. आजची चाचणी वारशाला कमाई समजते, आणि कित्येकदा खऱ्या कमाईला चूक ठरविते. या विधानाचे समर्थन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम हा विद्यार्थी कोण ते पाहू. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. संस्थानी अमदानीत राज्यकारभाराची व वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अंबाजोगाईचे त्या काळातील सरकारी नाव 'मोमिनाबाद' हे होते, व त्यातील 'मोमिन' हा शब्द अरबी आहे. संस्थान गेले, तरी भाषेचा हा थर गेला नाही. जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आजही आहेत, आणि महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक परीक्षांत संस्कृत, पाली, अर्धमागधी, फार्सी यांच्या जोडीने अरबी हाही विषय घेता येतो.

अशा वातावरणातील मुस्लिम घरातल्या मुलाचा अरबीशी पहिला संबंध पाच-सहा वर्षांच्या वयात मक्तबमध्ये येतो. 'नूरानी कायदा' या प्राथमिक पुस्तकातून तो अक्षरे जुळवावयास शिकतो, आणि नंतर कुराणाचे सस्वर वाचन करू लागतो. वाचलेल्याचा अर्थ त्याला या अवस्थेत समजत नाही, आणि तो समजावा अशी अपेक्षाही नसते. शाळेत उर्दूबरोबर हजारो अरबी शब्द त्याच्याकडे येतात, परंतु ते फार्सीच्या वाटेने आलेले असतात. महाविद्यालयात तो अरबी व्याकरण शिकतो, तेही बहुधा उर्दूतून. म्हणजे लिपी, पठण, उसने शब्द आणि ग्रंथस्थ व्याकरण असे चार थर त्याच्या ज्ञानात असतात. अरबीत चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग मात्र पदवी मिळेपर्यंत त्याला क्वचितच येतो.

मराठी माध्यमातून अरबीकडे वळणारा विद्यार्थीही कोरा नसतो. 'बीड जिल्हा' असे म्हणताना आपण एक अरबी शब्द उच्चारलेलाच असतो. 'जिल्हा' याच्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा अर्थ बरगडी किंवा बाजू. 'तालुका' याच्या मुळाशी 'संबंध' आहे, आणि 'तहसील' म्हणजे मिळविणे, वसूल करणे. मोल्सवर्थने १८३१ च्या आपल्या मराठी कोशात अशा शब्दांवर अरबी उगमाची खूण केली होती. माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा 'फार्शी-मराठी कोश' उघडला तर या देण्याचा विस्तार सहज ध्यानात येतो.

३

आता शब्दसंपत्तीच्या चाचणीचा विचार करू. संगणकीय परीक्षांचा एक प्रकार 'अनुकूली' म्हणून ओळखला जातो. उमेदवाराने एका प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले की यंत्र त्याहून अवघड प्रश्न काढते. चुकीचे दिले की सोपा. थोड्या प्रश्नांत पातळी ठरविण्याची ही युक्ती चतुर आहे. तिच्यामागे जी गणिती विचारसरणी आहे तिचे एक मूलभूत प्रतिपादन डेन्मार्कचे गेऑर्ग रास्क यांनी १९६० साली केले. उत्तर बरोबर येण्याचा संभव दोनच गोष्टींवर अवलंबून असतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे : उमेदवाराची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी.

बीडच्या विद्यार्थ्यापुढे हे गृहीत टिकत नाही, कारण येथे तिसरी एक गोष्ट मध्ये येते. 'किताब', 'कलम', 'हिशेब', 'इमारत', 'वारस' हे शब्द त्याला कोणी अरबी म्हणून शिकविलेले नाहीत. ते त्याच्या घरात व बाजारात आहेत. पहिले पाच-सात प्रश्न अशा शब्दांवर आले तर यंत्र त्याला वरच्या पायरीवर नेऊन बसविते. ब्राझीलच्या विद्यार्थ्याला तेच शब्द पाठ करावे लागलेले असतात. दोघांचे गुण सारखे दिसतात, पण त्यांतील एकाने परिश्रम केले आहेत आणि दुसऱ्याने केवळ मराठवाड्यात जन्म घेतला आहे.

याच वारशाची दुसरी बाजू विद्यार्थ्याला घातक ठरणारी आहे. फार्सी, उर्दू व मराठी या वाटेने येताना पुष्कळ शब्दांचे अर्थ बदलले. आपल्याकडे 'गरीब' म्हणजे निर्धन. अरबीत 'ग़रीब' म्हणजे परका, अनोळखी, विलक्षण. निर्धन या अर्थी अरबी शब्द 'फ़क़ीर' हा आहे, आणि मराठीत 'फकीर' म्हणजे विरक्त भिक्षेकरी. आपली 'तक्रार' अरबीत केवळ पुनरावृत्ती आहे. आपली 'रक्कम' तेथे अंक किंवा क्रमांक आहे, आपली 'फुरसत' तेथे संधी आहे, आणि आपला 'वकील' तेथे कोणाचाही प्रतिनिधी असू शकतो. न्यायालयात बाजू मांडणाऱ्याला अरबीत 'मुहामी' म्हणतात. 'मदरसा' हा शब्द आपण धार्मिक शिक्षणाच्या संस्थेपुरता वापरतो; अरबीत कोणतीही शाळा मदरसाच होय. सर्वांत मौजेची जोडी 'मुलाखत' आणि 'मुकाबला' यांची आहे. नोकरीसाठी घेतली जाते त्या मुलाखतीला अरबीत 'मुक़ाबला' म्हणतात, आणि आपल्या 'मुलाखत' शब्दाचे मूळ रूप तेथे साध्या भेटीचे वाचक आहे.

समजा, श्रवणचाचणीत एक वाक्य ऐकविले : उद्या सकाळी दहा वाजता अमुक कंपनीत माझा 'मुक़ाबला' आहे. खाली चार पर्याय आहेत व त्यांत 'स्पर्धा' हाही एक आहे. बीडचा विद्यार्थी स्पर्धेकडे वळणार यात नवल नाही. हा प्रश्न रचणारा कैरोचा किंवा रियाधचा तज्ज्ञ असेल, तर आपण येथे सापळा मांडला आहे याची त्याला कल्पनाही नसेल. काही प्रश्नांत वारशाने गुण वाढले व काही प्रश्नांत घटले, तेव्हा सरासरीने हिशेब जुळला, असे कोणी म्हणेल. परंतु मापनशास्त्रात दोन चुका एकमेकींना रद्द करीत नाहीत. त्या केवळ एकमेकींना झाकतात. गुणपत्रकावरील आकडा मध्यम दिसतो, पण त्या आकड्यावरून ना विद्यार्थ्याला आपली उणीव कळते, ना शिक्षकाला.

४

उच्चारांच्या बाबतीत हाच प्रकार अधिक सूक्ष्म रीतीने घडतो. अरबीत जे ध्वनी भिन्न आहेत त्यांतील कित्येक उर्दूत व मराठीत एक झाले आहेत. पडजिभेपाशी होणारा 'क़' आणि आपला साधा 'क' यांतील भेद गेला की 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा हे दोन शब्द एक होतात. जड 'स' आणि हलका 'स' यांतील भेद गेला की 'सैफ़' या उच्चाराने उन्हाळा सांगितला की तलवार, हे कळत नाही. जे चार अरबी वर्ण उर्दूत 'ज़' या एकाच ध्वनीत मिसळले आहेत, त्यांच्यामुळे वाट चुकणे, घसरणे, हीन होणे आणि तसेच राहणे या अर्थांची चार निरनिराळी क्रियापदे आपल्या कानाला एकच 'ज़ल्ल' वाटतात. 'जिल्हा' या शब्दाच्या आरंभीचा 'ज' हा याच गोंधळातून आलेला आहे. अरबीत तेथे त्या भाषेचा सुप्रसिद्ध 'ज़ाद' आहे, ज्याच्यावरून अरब आपल्या भाषेला 'ज़ादची भाषा' म्हणतात.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मक्तबमध्ये नीट शिकलेला मुलगा पठणाच्या वेळी हे सर्व भेद पाळतो. तज्वीद या उच्चारशास्त्राने त्याच्या जिभेला ते वळण लावलेले असते. तोच मुलगा एखादे नवे वाक्य स्वतः रचून बोलू लागला की त्याचा 'क़' पुन्हा 'क' होतो. एकाच मुखात दोन उच्चारपद्धती नांदत असतात, एक पठणाची आणि एक बोलण्याची. संगणकाने जर उतारा मोठ्याने वाचून दाखविण्याच्या प्रश्नावरून उच्चारांचे गुण दिले, तर हा विद्यार्थी उत्कृष्ट ठरेल; आणि मुक्त संभाषणावरून दिले, तर सामान्य. दोन्ही निर्णय अंशतः खरे आहेत. आपण यांतील काय मोजले हे चाचणीने स्पष्ट केले नाही, तर मात्र दोन्ही निरर्थक होतात.

वाचनाचेही असेच आहे. आपल्याकडील कुराणाच्या मुद्रित प्रतींत अक्षरांवर स्वरचिन्हे दिलेली असतात. अरबी वृत्तपत्रे, कादंबऱ्या व सरकारी पत्रके यांत ऱ्हस्व स्वर सहसा छापीत नाहीत. क, त, ब ही तीन अक्षरे तेथे 'त्याने लिहिले', 'लिहिले गेले' किंवा 'पुस्तके' यांपैकी काहीही असू शकतात, व कोणते ते वाक्याच्या रचनेवरून ठरते. मोडीतील जुने कागद वाचणाऱ्या संशोधकाला हा अनुभव अगदीच नवा नाही. तेथेही ऱ्हस्व-दीर्घ अर्थावरूनच ताडावे लागते. म्हणून अरबीत खरे वाचन ही आकलनाची परीक्षा असते. स्वरचिन्हांकित उतारा सफाईने वाचणारा बीडचा विद्यार्थी चिन्हरहित उताऱ्यापाशी अडखळला, तर तो तेथे अरबी शिकण्याच्या खऱ्या उंबरठ्यावर उभा आहे असे समजावे. चाचणीत दोन्ही प्रकारचे उतारे शेजारी ठेवले, तर त्या दोन निकालांतील अंतर हेच त्याच्या वारशाचे माप ठरेल.

५

आतापर्यंत वारशाला कमाई मानण्याच्या दोषाविषयी लिहिले. आता उलट दोष पाहू. लेखनाच्या प्रश्नात विद्यार्थ्याला कळफलकावर अरबी लिहावयाचे असते. बीडच्या विद्यार्थ्याच्या हाताला सवय असेलच तर ती उर्दू कळफलकाची. संगणकाच्या जागतिक वर्णसंहितेत, म्हणजे युनिकोडमध्ये, अरबीचा 'काफ़' आणि उर्दूचा 'काफ़' यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. 'ये' आणि 'हे' या अक्षरांचेही तसेच. शब्दाच्या आरंभी किंवा मध्ये ही दोन्ही रूपे कित्येकदा डोळ्यांना सारखीच दिसतात. परंतु यंत्र अक्षराची आकृती पाहत नाही, क्रमांक पाहते. उत्तर तपासणाऱ्या आज्ञावलीत हे क्रमांक समान मानण्याची तरतूद नसेल, तर निर्दोष लिहिलेला शब्द चूक ठरेल, आणि का चूक ठरला हे विद्यार्थ्याला कधीच समजणार नाही. कागदावर हा दोष संभवतच नव्हता, कारण तेथे तपासनीसाचे डोळे होते. अंकांचेही तेच : चार, पाच व सहा हे अंक उर्दूत आणि पूर्वेकडील अरबी देशांत निराळ्या आकृतींनी लिहितात, त्यामुळे वेळापत्रकावरील एखादा साधा प्रश्न भाषेऐवजी अंकलिपीची परीक्षा होऊन बसतो.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट येते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली ज्या द्विस्तरीय भाषास्थितीचे वर्णन केले, तिचे एक प्रमुख उदाहरण अरबी हेच होते. लेखनात व भाषणपीठावर प्रमाण अरबी, घरात व बाजारात बोली, अशी ती स्थिती. आपला विद्यार्थी केवळ प्रमाण अरबी शिकलेला असतो. आखाती देशांत नोकरीस गेल्यावर त्याच्या कानावर पडते ती बोली. संगणकीय परीक्षेतील उच्च श्रेणी हातात असूनही तेथे त्याची फजिती झाली, तर दोष विद्यार्थ्याचा नव्हे. आपण कोणत्या अरबीचे मापन करतो हे परीक्षेच्या प्रमाणपत्रावर ठळकपणे असावयास हवे.

६

नेट परीक्षेचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण आपल्या विभागातील विद्यार्थ्यांचे भवितव्य तिच्याशी निगडित आहे. २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठीही तिचे गुण ग्राह्य धरले जात आहेत. तिच्या पहिल्या भागात ५० व दुसऱ्या, म्हणजे विषयाच्या, भागात १०० प्रश्न असतात. प्रत्येकास २ गुण व एकूण अवधी ३ तास. सर्व प्रश्न चार पर्यायांचे, आणि चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. डोळे मिटून खुणा करणाऱ्याचीही विषयाच्या १०० प्रश्नांपैकी सरासरीने २५ उत्तरे बरोबर येतील, हे साधे गणित आहे.

प्राचीन कवींची नावे, ग्रंथांचे कर्ते, व्याकरणाच्या संज्ञा यांची ओळख या पद्धतीने तपासता येते, आणि ती तपासली जावी याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीबद्दल. या परीक्षेत उमेदवाराला अरबीचे एक वाक्य ऐकावे लागत नाही, एक वाक्य बोलावे लागत नाही, आणि एक परिच्छेदही लिहावा लागत नाही. परीक्षा संगणकावर गेली, पण संगणकाला जे साधते, म्हणजे आवाज ऐकविणे व आवाज टिपणे, त्याचा तिने उपयोगच केला नाही. कागदी उत्तरपत्रिकेवरील गोल काय ते पडद्यावर आले. उद्याचा अरबीचा अध्यापक निवडताना आपण त्याच्या जिभेची व लेखणीची परीक्षा घेत नाही, आणि मग आपले विद्यार्थी अरबी बोलत नाहीत अशी खंत व्यक्त करतो. या दोन गोष्टींतील संबंध दृष्टिआड करणे अध्यापकांना तरी शोभणारे नाही.

७

या टीकेवरून प्रस्तुत लेखक संगणकाच्या विरुद्ध आहे असा समज होऊ नये. जुन्या तोंडी परीक्षेचे दोष आपण सर्वांनी पाहिले आहेत. परीक्षकाची मर्जी, सकाळच्या उमेदवाराला एक न्याय व संध्याकाळच्याला दुसरा, गुरूच्या नावावरून शिष्याची किंमत, या गोष्टी यंत्राने खरोखर कमी केल्या. सर्वांना एकच ध्वनिमुद्रण एकाच आवाजात ऐकू येते, हा लाभ लहान नाही. किंबहुना वर दाखविलेले दोष शोधून काढण्याचे साधनही संगणकातच आहे. उमेदवाराची मातृभाषा व शिक्षणाचे माध्यम यांची नोंद ठेवली, तर समान क्षमतेच्या दोन गटांत एखादा प्रश्न एकालाच विशेष सोपा किंवा विशेष अवघड जातो काय, हे संख्याशास्त्राने तपासता येते. प्रश्नांच्या पक्षपाताचे हे विश्लेषण आता रूढ आहे. ते उर्दू-मराठी पार्श्वभूमीच्या दृष्टीने व्हावे, एवढीच मागणी आहे.

त्याखेरीज काही गोष्टी आपल्या हाती आहेत. पहिली ही की, मराठीत व उर्दूत रुळलेल्या अरबी शब्दांची, अर्थ टिकलेले व अर्थ पालटलेले अशी दोन भागांत विभागणी करणारी सूची आपल्या विभागांनी तयार करावी. जुने कोश हाताशी आहेत. हे काम एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील आहे. अशी सूची प्रश्नकर्त्यापुढे असली, तर वारसा मोजावयाचा की कमाई, हे तो जाणतेपणाने ठरवील. दुसरी, वर्गातील अंतर्गत चाचण्यांत चिन्हरहित उतारा व मुक्त संभाषण यांना निश्चित स्थान द्यावे. तिसरी, उर्दू कळफलकावरील समान अक्षरे ग्राह्य धरावीत, आणि अरबी कळफलकाचा सराव अभ्यासक्रमातच ठेवावा. चौथी व सर्वांत महत्त्वाची ही की, यंत्राने आवाज टिपला तरी त्याचे मूल्यमापन माणसाने करावे. 'ॲक्टफल'च्या संगणकीय तोंडी चाचणीत प्रश्न यंत्र विचारते, पण ध्वनिमुद्रित उत्तरांची श्रेणी प्रशिक्षित परीक्षक ठरवितात. हा मध्यममार्ग आपल्याकडेही अशक्य नाही.

परीक्षा विद्यार्थ्याला गुण देते, त्याचबरोबर तो स्वतःविषयी काय समजतो हेही ठरविते. अर्थ न कळता सुंदर पठण करणाऱ्या मुलाला 'तुला अरबी येते' असे सांगणे ही त्याची फसवणूक आहे. आणि त्याच्या पठणाला काहीच मोल नाही असे सांगणे हा अन्याय आहे. तज्वीद ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि तिची परीक्षा गुरूसमोर बसून देण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. तिला अरबी भाषेच्या प्रावीण्यापासून वेगळे ओळखणे यात दोहोंचाही मान राहतो. बीडच्या विद्यार्थ्याला जे वडिलार्जित मिळाले ते त्याच्या नावे वेगळे लिहावे, आणि जे त्याने मिळविले ते वेगळे. हा जमाखर्च चोख ठेवणारी चाचणी संगणकावर असो वा कागदावर, तिचे स्वागतच करावयास हवे.